आक्का, तुम्ही आकाशपाळण्याला जायचात

आक्का, रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माइक हातात घेतला. होय, मी! महिला मंडळात आभार मानायची पाळी आली की पाण्याचे पेले गोळा करायला आत पळणारी तुमची भावजय. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत, कारण माइकचं बटण बंद होतं. तिसऱ्या वाक्यापासून मात्र सगळ्या विहारानं ऐकलं, आणि दादांचा चेहरा पांढरा पडला. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, तुमच्या फोटोला फुलं वाहून झाली आणि भाषणं सुरू झाली. अर्ध्या तासात तुमची त्यागमूर्ती झाली. संसार झाला नाही तरी कुरकुर नाही, धाकट्या भावांना शिकवलं, स्वतःसाठी आयुष्यात काही म्हणून केलं नाही. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बाई? माझी नणंद तर अशी नव्हती. माझ्या नणंदेनं स्वतःसाठी भरपूर केलं, दर वर्षी केलं, आणि मला चपला सांभाळायला लावून केलं.

तेवढंही मी गिळलं असतं. पण शेवटी दादा उठले. तुमच्या पाठचे, माझे थोरले दीर, विहार समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "माणूस म्हटला की एखादी चूक होते. आमच्या आक्काच्या हातूनही एक झाली. आज ती आपण सगळ्यांनी पोटात घालू या." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुठली चूक, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती झालीच नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. म्हणून उठले. पुढचं सांगतेच, पण आधी तुमच्याशी थोडं भांडायचंय.

सत्तर साली मी या घरात आले. मामंजी देवळाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेले. ज्या दारानं आपल्याला आत घेतलं नाही, त्या दाराकडे आता आपण वळायचं नाही, हा या घरातला पहिला धडा. माझ्या माहेरीही तोच होता, त्यामुळे तो शिकायला मला कष्ट पडले नाहीत. आणि पहिल्याच वर्षी, नवरात्र आठ दिवसांवर आलेलं असताना, तुम्ही हळूच स्वयंपाकघरात येऊन म्हणालात, "कुसुम, चल, कालिकेच्या जत्रेत जाऊन येऊ."

माझ्या हातातली परात पडायची राहिली. "आक्का, देवीला?"

"देवीचं काय काम मधेच? आकाशपाळणा उभा करतायत. घरात सांग, रीळ आणायला चाललोय."

अशी आपली सुरुवात झाली. जत्रा भरल्यावर सगळं नाशिक पाळण्यात बसायला जातं. पाळणा उभा राहताना बघायला जाणाऱ्या आपण दोघीच. ओझरहून तुमची कारखान्याची बस पाचला यायची. डबा ठेवून, तोंडावर पाणी मारून तुम्ही पुन्हा बाहेर पडायचात आणि मी पिशवी घेऊन मागे. मैदानात रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची चळत असायची, तिच्यावर तुम्ही देवळाकडे पाठ करून बसायचात. मुद्दाम नाही, चाक त्या बाजूला होतं म्हणून, असं तुम्ही म्हणायचात. मला वाटतं, थोडं मुद्दामही.

पहिली दोन-तीन वर्षं मला यात काय बघायचं तेच कळलं नाही. ट्रकमधून लोखंडी नळ्या उतरतात, चार माणसं एकमेकांवर ओरडतात, एक जण ओळंबा सोडतो, बाकीचे बिड्या ओढतात. मी कंटाळून गोडीशेव खात बसायची. तुम्ही मात्र अशा बघायचात की जणू लग्नघरातली वरमाय. "आता आस चढवतील," तुम्ही पुटपुटायचात. "बघ, आरे आधी समोरासमोरचे लावले. एका बाजूनं लावत गेले तर कलंडेल."

एकदा मी विचारलंच. "आक्का, रोज त्या कारखान्यात लोखंडच बघता ना तुम्ही? मग इथे येऊन पुन्हा तेच?"

"मी लोखंड कुठे बघते?" तुम्ही म्हणालात. "मी खिडकी बघते."

तुम्ही विमानाच्या कारखान्यात आहात, याचा आम्हाला केवढा तोरा होता! पण तुम्ही होतात स्टोअरमध्ये कारकून. माणूस चिठ्ठी घेऊन खिडकीशी यायचा, तुम्ही मोजून बोल्ट द्यायचात, कार्डावर लिहायचात, पुढचा माणूस. त्या बोल्टाचं पुढे काय होतं ते तुम्ही कधी पाहिलं नव्हतं. विमान जोडतात त्या शेडचा पास तुमच्याकडे नव्हता. आकाशातून विमान गेलं की तुम्ही ओट्यावर येऊन वर बघायचात आणि म्हणायचात, "चालले माझे बोल्ट." आम्ही हसायचो. तुम्ही हसत नव्हतात, ते मला फार उशिरा कळलं. जत्रेत मात्र कुणी पास मागत नव्हतं. सुटं सामान तुमच्या डोळ्यांसमोर यायचं आणि चार दिवसांत उभं राहून फिरायला लागायचं.

मग मीही बघायला शिकले, थोडं थोडं. दर वर्षी काहीतरी नवं येऊ लागलं. हातानं फिरवायचा लाकडी पाळणा गेला, लोखंडी आठ पाळण्यांचा आला. एका वर्षी फळ्या उभ्या करून मोटारसायकलची विहीर बांधली. तिच्या प्रत्येक फळीवर खडूनं नंबर घातलेला बघून तुम्ही इतक्या खूष झालात, की आत मोटारसायकल फिरवणाऱ्या माणसाला जाऊन "तुमचं स्टोअर चांगलंय" असं सांगून आलात. त्याला वाटलं, बाई सरकारी तपासणीला आली आहे. त्यानं आपल्याला खुर्च्या दिल्या.

आणि घरात रिळं साठत गेली. रीळ आणायला जातो म्हटलं की रीळ आणणं भाग. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या दोऱ्यात तर गावाचं धोतर शिवून होईल." ज्या घरात शिलाई मशीन नाही त्या घरात एवढी रिळं कशाला, असं कुणी विचारलं नाही, हे आपलं नशीब.

तुमचं आणि मोतीराम मिस्त्रीचं भांडण मला तोंडपाठ आहे. सटाण्याकडचा माणूस, डोक्याला कायम पटका, बोलणं अहिराणी. चाक पूर्ण झालं की तो नारळ काढायचा आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहायचात.

"नारळ कशाला, मिस्त्री? पाना लावा."

"ताई, नारळ फोडाबिगर चाक फिरत नही."

"आणि पिन नसली तर फिरतं?"

"पिन पक्की शे."

"दाखवा."

तो कपाळाला हात लावायचा आणि दाखवायचा. एका वर्षी सातव्या पाळण्याची पिन खरंच बसवायची राहिली होती. मोतीरामनं पिन बसवली आणि त्या वर्षापासून तुम्ही आल्याशिवाय त्यानं पहिला फेरा घेतला नाही. त्याचा नारळ आणि तुमचा पाना, असा तह झाला. पहिल्या फेऱ्यात तुम्ही बसायचात. वर गेल्यावर दोन्ही हात सोडून द्यायचात आणि हसायचात. ते हसणं घरात कधी कुणी ऐकलं नाही. खाली दोन जोड चपला, पिशवी आणि रीळ घेऊन मी उभी, मान वर करून. गच्चीवर वाळवण घालतानासुद्धा मी कठडा धरून चालते, तुम्हाला माहीतच आहे.

आता ते वर्ष. सात वर्षं झाली त्याला. बारा पाळण्यांचं नवं चाक आलं होतं, मोटरवर चालणारं. मोटर जोडायच्या आधी ते हातानं अर्धं फिरवून तोल बघायचा असतो आणि त्यासाठी समोरासमोर सारखं वजन लागतं. मोतीरामनं तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या वजनाकडे इतक्या आदरानं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"नाही नाही नाही," मी म्हटलं.

"बस, कुसुम. वाळूची पोती अजून आली नाहीत."

असा तुमच्या नणंदपणाचा एकुलता एक जुलूम मी सोसला. पोत्याच्या जागी बसले. तुम्ही आधीच समोरच्या पाळण्यात बसून वर गेला होतात. चार जणांनी दोर ओढला, तुम्ही खाली आलात आणि मी पार वर जाऊन थांबले. डोळे मिटून पाळण्याचा दांडा कवटाळून बसले होते. किती वेळानं डोळे उघडले कोण जाणे. बघते तर तुम्ही खाली उतरलेल्या आणि मी वरच! मोतीरामचे हात ग्रीसनं काळे झाले होते. नारळ, हळद-कुंकू, फुलं ठेवलेलं ताट त्यानं कुणाकडे द्यावं म्हणून इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, जरा धरा." तुम्ही धरलंत. त्यानं हात पुसले, नारळ घेतला, फोडला. तुम्ही ताट खाली ठेवलंत आणि लगेच पिना बघायला वाकलात. एवढंच. हे सगळं मी वरून स्वच्छ पाहिलं. जन्मात एकदाच उंचावर बसले आणि नेमकं तेच पाहिलं.

आणि मैदानाच्या कडेनं सायकलवर जाणाऱ्या समितीच्या चिटणीसांनीही तेच पाहिलं. फक्त ताटापर्यंत.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर दादांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आक्का, तू देवीला जातेस?" मी दादांना दोष देत नाही, म्हणजे सगळा देत नाही. मामंजींच्या पाठीवरचे वळ त्यांनी लहानपणी हातानं चाचपून पाहिलेले. त्या माणसाच्या लेकीनं पूजेचं ताट धरावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

तुम्ही म्हणालात, "मी कुठे जाते ते माझं मी बघते."

"बरोबर कोण होतं? कुसुम, तू होतीस?"

माझ्याकडे सगळे बघत होते. सासूबाई, हे, तिन्ही पोरं. मनात आलं, आता पाळण्याचं सांगावं लागेल. तीन पोरांची आई पोत्याच्या जागी बसून वर गेली, हे सगळ्या कॉलनीला कळेल. आणि मी म्हटलं, "नाही. मी त्या दिवशी माहेरी गेले होते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. पिन नसलेल्या पाळण्याकडे तुम्ही जसं बघायचात, तसं. मग दादांना म्हणालात, "मंडळाचं अध्यक्षपद दुसऱ्या कुणाला द्या," आणि चपला घालून निघून गेलात. मंडळ तुम्ही काढलेलं. बायकांना सही शिकवली ती तुम्ही, स्टोअरमधल्या रद्द चिठ्ठ्यांच्या पाठीवर. विहाराच्या भिंतीवर 'संस्थापक अध्यक्षा' म्हणून तुमचं नाव होतं. आठवड्याभरात त्यावर चुन्याचा हात फिरला.

आक्का, याच जागी मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर? 'मी चाक बघायला जाते.' पाच शब्दसुद्धा नाहीत! लोक दोन दिवस हसले असते, संपलं असतं. सात वर्षं मी मनात हा वाद घालते आहे आणि प्रत्येक वेळी तुम्हीच जिंकता, कारण मला एकच उत्तर सुचतं. ते वाक्य बोलायचं काम तुमचं नव्हतं. साक्षीदार मी होते.

आणि पुढच्या नवरात्राच्या आधी तुम्ही पुन्हा स्वयंपाकघरात आलात. "कुसुम, चल. रीळ आणायचंय." जसं काही घडलंच नाही. मी पिशवी घेतली. आपण सहा वर्षं आणखी गेलो.

यंदा तुम्ही गेला नाहीत. पोटाच्या दुखण्यानं तुम्हाला अंथरुणाला खिळवलं आणि नेमकं यंदाच मैदानात ते जहाज आलं. मोठं, डोलणारं, या गावात पहिल्यांदाच. तुम्ही मला रोज पाचला पिटाळायचात आणि परत आल्यावर तपासणी घ्यायचात.

"काय काय उभं राहिलं?"

"दोन बाजूंना ते उंच उंच... नळ्या."

"नळ्या नव्हे. खांब. किती पायांचे?"

"पाय मोजले नाहीत."

"मग गेली होतीस कशाला? शेव खायला?"

दुसऱ्या दिवशी मी पाय मोजले. तिसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून आणलं. ते बघून तुम्ही म्हणालात की हे जहाज नसून उलटी ठेवलेली पाटी आहे. तुमचं हसताना पोट दुखलं आणि मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "दुखू दे. पुढे सांग." एकदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, जहाज तयार झालंय, उद्या हलणार. तुम्ही डोळे उघडलेत. "खोटं सांगू नकोस, कुसुम. मला खोटं चालत नाही." मी म्हटलं, मोटर अजून बसलेली नाही. "हां," म्हणालात आणि डोळे मिटलेत.

त्याच दिवशी मी धीर केला. "आक्का, त्या रविवारी विहारात मी..."

"मोटर कुठल्या बाजूला बसवतायत?" तुम्ही विचारलंत.

"आक्का, मला बोलू द्या."

"डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," मी म्हटलं. चार दिवसांनी तुम्ही गेलात. जहाज त्यानंतर हललं. हलणारच होतं. ते मी पाहिलं, पण त्याचं वर्णन करण्यात आता अर्थ नाही. तपासायला तुम्ही नाही.

तर रविवार. माइकचं बटण चिटणीसांनीच लावून दिलं, बिचाऱ्यांनी. मी म्हटलं, "पोटात काही घालायचं नाहीये. आक्का देवळाची पायरी कधी चढल्या नाहीत. त्या आकाशपाळण्याला जायच्या. तो जोडताना बघायच्या, त्याच्या पिना तपासायच्या आणि पहिल्या फेऱ्यात बसून मोठ्यानं हसायच्या. त्या दिवशी मिस्त्रीचे हात बरबटलेले होते म्हणून त्यांनी ताट धरलं. हे मी पाहिलं. मी वरच्या पाळण्यात होते."

मागे कुणीतरी फसकन हसलं. हसू दे. याच हसण्याला भिऊन मी सात वर्षं गप्प होते. आता ऐकलं तर केवढंसं होतं ते.

दादा म्हणाले, "मग तिनं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे, दादा? तुम्ही पकडलंत."

"आणि तू? तू का नाही बोललीस?"

प्रश्न रास्त होता. "भ्याले," मी म्हटलं. "लोक हसतील म्हणून भ्याले. चूक झाली ती माझी. पोटात घालायची तर ती घाला, नाहीतर नका घालू. पण भिंतीवरचं नाव आक्कांचं गेलंय. ते परत लिहा."

दादा खाकरले. "समितीच्या बैठकीत विषय ठेवू."

"पुसताना कुठली बैठक घेतली होती?"

यावर पहिल्यांदा उठल्या त्या तुमच्या मंडळातल्या बायका. कुणी घोषणा दिली नाही, भाषण केलं नाही. नुसत्या एकेक करत उभ्या राहिल्या, गुडघे धरून, पदर सावरून, आणि बसेनात. तुम्ही ज्यांना सही शिकवली होती त्या. भन्तेजींनी दादांकडे पाहिलं. दादांनी तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या रंगारी बोलावतो."

ह्यांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तू बसलीस? वरच्या पाळण्यात? तू तर स्टुलावर चढत नाहीस!" आणि थोड्या वेळानं, "म्हणजे ती रिळं..." मी म्हटलं, हो.

काल संध्याकाळी दादा आले. चहा घेतला, गार केला, प्यायले नाहीत. जायला उठले आणि दारात थांबून म्हणाले, "वर गेल्यावर हसायची म्हणालीस. मोठ्यानं?" मी म्हटलं, मैदानभर ऐकू जायचं. ते मान हलवत जिना उतरले. त्यांना रडू येत होतं की काय ते मी बघितलं नाही. ते त्यांचं त्यांच्याजवळ.

नाव लिहून झालंय. आज सकाळी बघून आले, अक्षर बरं आहे. तिथे जमलेल्या बायकांपैकी एक मला म्हणाली, "वहिनी, आक्कांनी तुम्हाला कधीच माफ केलं असेल हो." चांगल्या मनानं म्हणाली. मी तिला म्हटलं, नाही, बाई. मी विषय काढला होता, तेव्हा त्यांनी मोटरचं विचारलं. आक्का, तुम्ही मला माफ केलंत असं मी कुणाला सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणाला म्हणूही देणार नाही. ते तुम्ही केलेलं नाही. तुमच्या नावानं पुन्हा एक खोटं सांगायची माझी छाती नाही.